पाच थर्मासवाला सेंटर फॉरवर्ड

शहापुरात हायवेला लागून माझं सायकलचं दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, सेवकरामचं घर. मधे फक्त डांबर. त्यामुळे त्याच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं आणि उठताना त्याचं तोंड कसं होतं, हे सेवकरामच्या आधी मला कळतं. आमच्या पार्वताबाई म्हणतात, "दुनियेच्या ट्यूबा पंक्चर होतेत, तुमचे डोये काही होत नाईत." बायको आहे, म्हणणारच. पण खरं सांगू का, सेवकरामच्या दारावर नजर ठेवण्यासारखं सोपं काम नाही. तिथे कुणी येतच नाही.

आता हे वाचून नव्या पोरांना वाटेल, असेल कुणी म्हातारा. म्हातारा कुठला! माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आणि एके काळी जवाहरनगरच्या मैदानावर याच्या नावाचा असा गजर व्हायचा की बाजूच्या झाडावरचे कावळे मॅच संपेपर्यंत खाली उतरत नसत. सहासष्ट साली तिथल्या सरकारी फॅक्टरीत खेळाडू म्हणून लागला, तेव्हापासून पुढची दहा वर्षं टीमचा सेंटर फॉरवर्ड तोच. मॅचच्या दिवशी माझं दुकान बंद. भाड्याच्या सगळ्या सायकली मैदानावर गेलेल्या असायच्या, मग मालकानं दुकानात बसून माशा मारायच्या काय?

शिवाय माझा या टीमशी धंद्याचा संबंध होता. तेव्हाचा फुटबॉल म्हणजे जाड चामडं, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाला बुटासारखी नाडी. ब्लॅडर फुटलं की सेवकराम ते खिशात घालून माझ्याकडे यायचा. मी ट्यूबसारखंच कानशीनं घासून ठिगळ लावून द्यायचो. म्हणून त्यानं गोल मारला की मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचो, "पाहिलं का? आतलं ठिगळ माझं हाये." निम्मं श्रेय मी तेव्हापासूनच घेत आलोय.

त्याची एक खोड होती. गोलसमोर आला की तो क्षणभर थांबायचा. सगळे धावतायत आणि हा बाबा चेंडूवर पाय ठेवून उभा, जणू कुणी यायचं बाकी आहे. गोलकीपरला दम निघायचा नाही. तो झेप घ्यायचा आणि हा दुसऱ्या बाजूनं चेंडू हळूच ढकलून द्यायचा. लोक ओरडायचे, "मार ना बे!" तो नंतर मला म्हणायचा, "देवाजी, गडबड त्यानं कराव. आपण वाट पाहाव."

कलकत्त्याच्या एका क्लबाचा माणूस सत्तर साली त्याला बघायला आला होता, हे मात्र खरं. त्यानं सेवकरामला दोन समोसे खाऊ घातले, पाठ थोपटली आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. हा गेला नाही. "तिकडं रोज मासोई भेटन, पण नोकरी कच्ची," म्हणाला. घरी बायको निर्मला, शाळकरी पोरगी सुलोचना. इकडे सरकारी पर्मनंट नोकरी. कोण जातो?

बक्षिसांचं म्हणाल तर मोठे कप टीमचे, ते फॅक्टरीच्या कपाटात. याला स्वतःला मिळायचे छोटे कप. आणि उत्कृष्ट खेळाडूला काय द्यायचं, याबद्दल त्या काळच्या सगळ्या आयोजकांचं जणू एकमत झालेलं होतं: थर्मास. याच्याकडे पाच थर्मास. लाल, निळा, दोन हिरवे आणि एक फुलाफुलांचा. निर्मला वहिनी म्हणायच्या, "पाच थर्मास देतेत अन् चहाची पत्ती कोणी देत नाई."

शहात्तर साली त्याचा गुडघा गेला. खेळ गेला, मग अठ्ठ्याहत्तरला तब्येतीच्या कारणानं नोकरीही सुटली. क्वार्टर सोडून तो इथे वडिलांच्या घरी आला, थोडीशी पेन्शन, थोडंसं धानाचं वावर. वर्षभरात निर्मला वहिनी पोटाच्या दुखण्यानं गेल्या. राहिली सुलोचना. आणि तिचं लग्न जमलं, तिथून पुढची गोष्ट मला सांगायला जरा जड जाते, कारण त्यात मी आहे.

आपल्याकडे सोयरीक करायची तर आधी शेजाऱ्याला विचारतात. मुलीचा बाप काय सांगणार, तो चांगलंच सांगणार. शेजारी खरं सांगतो, असा लोकांचा समज. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात एक जाडजूड गृहस्थ सायकल ढकलत माझ्या दुकानी आले. मागच्या चाकात हवा नव्हती. ती सायकल त्यांनी भंडाऱ्याहून एका ओळखीच्याची घेतली होती, राहणार सानगडीचे, नाव सोमाजी. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता मी ओळखलं की पंक्चर हे निमित्त आहे.

"समोरचं घर कसं हाये?" त्यांनी विचारलं.

आता मी गप्प बसणारा माणूस आहे का? आणि मला वाटलं, पोरगी चांगली आहे, आईविना आहे, दोन शब्द जास्त सांगितले तर कुणाचं काय जातं?

"कसं म्हंजे?" मी म्हणालो. "भाऊ, ते फुटबॉलवाले सेवकराम हायेत! कलकत्तेवाले दहा हजार घेऊन मांगं लागले होते. चांदीचे कप इतके, का पेटी उचलाले चार माणसं लागतेत!"

सोमाजींचे डोळे असे झाले, जणू पेटी मी त्यांच्याच सायकलीच्या कॅरिअरवर बांधून देतोय. पंक्चरचे पैसेही त्यांनी सुटे न मागता दिले. पंधरा दिवसांत लग्न ठरलं. सोमाजींनी मोठ्या मनानं सांगितलं, "आमचं मांगणं काहीच नाई. तुमच्या इज्जतीप्रमाणं करा." सेवकराम तर भरून पावला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "देवमाणूस भेटला गा!"

त्यानं त्याच्या इज्जतीप्रमाणं केलं: भांडी, पलंग, जावई गुलाबला एक सायकल, जिची फिटिंग मी फुकट करून दिली. तिकडे सोमाजी चांदीची वाट बघत राहिले. चांदी आली नाही. मग त्यांनी ठरवलं की हा माणूस कंजूष आहे, लबाड आहे, पेटीवर बसून आहे.

आणि त्यांनी सुलोचनाला माहेरी पाठवणं बंद केलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, दंडारीचं नाचगाणं होतं, नाटक होतं. पण मंडईचा खरा अर्थ पाव्हणे. त्या दिवशी सासरी गेलेली पोरगी माहेरी आली नाही, असं होत नाही. ज्या घरी पाव्हणे नाहीत त्या घराकडे लोक, कुणी मेल्यासारखे, आवाज खाली करून बघतात.

ऐंशीच्या मंडईला सेवकरामनं पाचही थर्मास धुतले, उन्हात वाळवले आणि चहानं भरून ओळीनं खिडकीत ठेवले. पाव्हणे केव्हाही येतील, चहा गरम हवा. साकोलीकडून, म्हणजे सुलोचनाच्या सासरकडून, येणारी एस.टी. चारला थांबते. तो साडेतीनला जाऊन उभा राहिला. गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. तो तसाच उभा. मला त्याचं ते गोलसमोर थांबणं आठवलं, पण इथे झेप घेणारं कुणी नव्हतं.

एक्याऐंशीला तेच. ब्याऐंशीलाही तेच, त्या वर्षी सुलोचनाला मुलगा झाल्याची बातमी भंडाऱ्याच्या बाजारात कुणा तिसऱ्याच माणसाकडून कळली. आजोबा झालेला माणूस दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "देवाजी, पोरगं कोणावर गेलं असन गा?" मी म्हणालो, "पाय पाह्यल्याशिवाय कसं सांगाव?" तो हसला. मग बराच वेळ माझ्या दुकानातल्या चाकाचं एक एक स्पोक बोटानं वाजवत बसला.

मी त्याला 'शेठ' म्हणायचो. सगळं गाव म्हणायचं. जाता येता हाक, "काय शेठ, पेटी बरोबर हाये ना?" तो नुसता हात हलवायचा. पेटी त्यानं कधी कुणाला उघडून दाखवली नाही. आम्ही समजायचो, गुर्मी आहे.

त्र्याऐंशी साल उजाडलं. त्या वर्षी गावाला क्रिकेटचा ताप आला होता. पोरं धानाच्या बांधीतही बॅट घेऊन फिरत. फुटबॉल कुणाला आठवत नव्हता. दिवाळीनंतर एका सकाळी सेवकराम रस्ता ओलांडून आला, हातात पोस्टकार्ड.

"सोमाजीचं कार्ड हाये. मंडईले येऊन राहिले. ते अन् गुलाब."

"अन् सुलोचना?"

"कप पाहाचे हायेत म्हणते. ते पाह्यले का मंग पोरीले पाठवाचं ठरवू." त्यानं कार्डाची घडी घातली, परत उलगडली. "दाखवतो गा. एकदाचं दाखवून देतो."

चेहऱ्यावर असं काही होतं की मी नेहमीची थट्टा केली नाही. मग तो सुलोचनाला लुगडं आणि नातवाला टोपरं आणायला नागपूरला निघाला. बायकोच्या बहिणीकडे मुक्काम करून मंडईच्या आदल्या संध्याकाळी येणार होता. घराची किल्ली मला दिली. "जरा चुना मारून घे भिंतीले. अन् पेटीतले कप काढून फळीवर मांड. आता लपवून काय करू?"

भिंतींना चुना मी स्वतः मारला. मग पेटी ओढली. एका हातानं ओढली गेली. आत नऊ कप होते. पितळेचे. वरचा मुलामा उडून गेलेला, कुठे काळे, कुठे हिरवट पडलेले. सगळ्यांत मोठा एकाहत्तर सालचा, कोपरभर उंच, त्यावर बारीक अक्षरात त्याचं नाव कोरलेलं. चांदी औषधालाही नव्हती.

मी खाली बसलो. तीन वर्षं गावभर जी चांदी मी वाटली होती ती ही. उद्या सोमाजी येणार, हे बघणार आणि म्हणणार, चांदी कुणी सांगितली? समोरच्या पंक्चरवाल्यानं.

नेमका त्याच वेळी बाहेरून आवाज आला, "कल्हऽऽई!" मंडईच्या आधी कल्हईवाला येतोच. पाव्हण्यांसमोर भांडी काळी कशी ठेवायची? पार्वताबाईंनी आमची पातेली, परात, पाण्याचा गंज सगळं आधीच अंगणात काढलं होतं. आणि मला वाटलं, अरे, हे तर देवानंच पाठवलं! कप चकाकले तर सेवकरामची इज्जत राहील, इवाई, म्हणजे व्याही सोमाजी, खूश होतील आणि माझी चांदी चांदीच राहील. खरं तर हे शेवटचं मला पहिल्यांदा सुचलं होतं.

कल्हईवाला म्हणाला, "भाऊ, कल्हई आतून करते. बाहेरून काहून?"

"तुले काय करायचं? बाहेरूनच कर."

"दांडे हलके हायेत, सुटतीन."

"मग हलक्या हातानं कर."

भाता चालला, नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरलं आणि एकेक कप असा निघाला की पार्वताबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर लग्नातल्या नवरदेवावानी दिसून राहिले!" एका कपाचा दांडा थोडा वाकडा झाला, तो मी भिंतीकडे केला. फळीवर नऊ कप मांडले. खिडकीतून ऊन आलं की बघवत नव्हतं.

संध्याकाळी सेवकराम आला. दारातच थांबला. मी मागून म्हणालो, "काय शेठ? आता बोला!"

तो आत आला. फळीजवळ गेला, मोठा कप उचलला, जिथे नाव होतं तिथे अंगठा फिरवला. परत फिरवला. कल्हईनं कोरलेलं सगळं भरून गेलं होतं.

"देवाजी," तो म्हणाला, "नाव कुठं गेलं?"

मग तो पलंगावर बसून हळूहळू बोलला. "मी पितळ दाखवणार होतो गा. त्याईले वाटते माह्याजवळ चांदी हाये. पितळ पाह्यलं असतं तं समजलं असतं का मी काही लपवलं नाई. पोरगी आली असती."

"मंग आधी काहून नाई दाखवलं? तीन वर्षं?"

"तुमी सगळे शेठ म्हणत होते ना." त्यानं कप खाली ठेवला. "कोणी काही तरी म्हणत होतं."

दुसऱ्या दिवशी चारच्या गाडीनं सोमाजी आणि गुलाब उतरले. दोघेच. गुलाब बिचारा खाली मान घालून मागे. मी न बोलावताच गेलो; शेजारी आहे, आणि लपून राहिलो असतो तर उद्या स्वतःलाच तोंड दाखवता आलं नसतं. सोमाजी दारात आले, फळीकडे बघितलं आणि थबकले.

"वा इवाई!" ते म्हणाले. "एवढी चांदी घरात, अन् आमच्या सुनेले पितळेची परात?"

"पितळच हाये, सोमाजी. वरून कल्हई हाये."

"कल्हई!" सोमाजी गुलाबकडे वळून हसले. "कपाले कोणी कल्हई करते काय? आमाले लेकरं समजले का तुमी?"

त्यांचंही बरोबरच होतं. दुनियेत कुणी कपाला कल्हई करत नाही. माझ्याशिवाय.

सेवकरामनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "देवाजी, कानस आण."

मी रस्ता ओलांडून गेलो, ट्यूब घासायची माझी कानस घेऊन आलो. त्यानं एकाहत्तरचा कप काढला. तो कुठल्या मॅचचा ते मला पाठ आहे. एक गोल मागे होतो, आठ मिनिटं राहिली होती, यानं दोन मारले. तो कप त्यानं दुखऱ्या गुडघ्यावर आडवा धरला आणि जिथे नाव होतं बरोबर तिथे कानस चालवायला सुरुवात केली. आधी पांढरा कीस पडला. मग पिवळा. बाहेर मंडईचा भोंगा वाजत होता, तरी खोलीत तेवढाच आवाज ऐकू येत होता. खर्र. खर्र. बोटभर लांब, पिवळी जखम दिसेपर्यंत तो थांबला नाही.

"आता बाकीचे आठ," तो म्हणाला आणि दुसऱ्या कपाला हात घातला.

"राहू द्या, बाबूजी," गुलाब पहिल्यांदा बोलला.

मग मी बोललो. "सोमाजी, चांदी याईनं नाई सांगितली. मी सांगितली होती. पंक्चर काढतानी."

सोमाजींनी मला नीट बघून घेतलं. "तो तू होय!" एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सेवकरामनं लाल थर्मास उघडला आणि सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. बशी माझ्या हातात देताना त्याची बोटं पितळेच्या किसानं पिवळी झालेली होती. सोमाजी फुंकर न घालता प्याले, मिशी पुसली, म्हणाले, "गुलाब, परवाच्या गाडीनं सुनेले आणून सोड." माफी वगैरे मागितली नाही. इवाई लोक मागत नसतात.

सुलोचना आली. मंडई उठून गेली होती, दुकानांच्या जागी नुसते खड्डे आणि कागद होते, पण आली. वर्षभराचा पोरगा काखेत. सेवकरामनं त्याला उलटा पालटा करून पाय बघितले आणि रस्त्यापलीकडून ओरडून मला सांगितलं, "डावा चालते गा याचा!" तीन दिवस ती राहिली. त्या तीन दिवसांत त्या घराला दार आहे हे मला पहिल्यांदा कळलं. सारखं उघडत होतं. जाताना सुलोचनानं दोन थर्मास नेले, निळा आणि फुलाफुलांचा. वर्षातून एकदा, मंडईला पाठवू, असं सोमाजींचं ठरलं. ते शब्दाचे पक्के निघाले. चौऱ्याऐंशीलाही ती आली. तीन दिवस.

उरलेल्या दिवसांचं काय? गावाला चांदीची गोष्ट कळली. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगितली. तेव्हापासून कुणी 'शेठ' म्हणत नाही. थट्टा करायला पेटी उरली नाही, तर लोक नुसते समोरून निघून जातात. दोघा-तिघांनी तर मला विचारलं, "हे खरंच फुटबॉल खेळत होते का गा?" कप तसेच चकाकतायत, एकावरही नाव नाही. मोठा मधे ठेवलाय, पिवळी रेघ बाहेरच्या बाजूला.

सेवकराम माझ्याशी भांडला नाही. फक्त रस्ता ओलांडत नाही. आधी रोज सकाळी येऊन स्पोक वाजवत बसायचा. आता खाट त्याच्या दारात, स्टूल माझ्या दुकानात, मधून ट्रक जातात. चारची एस.टी. आली की तो उठून उभा राहतो. मंडईला सात महिने आहेत हे त्याला ठाऊक आहे. तरी उठतो, माणसं उतरलेली बघतो आणि बसतो.

परवा मला राहवलं नाही. इकडूनच हाक मारली, "शेठ, चहा उरला का?"

तो खाटेवरून उठला. मग म्हणाला, "शेठ म्हणू नोको, देवाजी."

आत गेला, लाल थर्मास घेऊन आला, झाकणात चहा ओतला आणि ते झाकण दाराबाहेरच्या दगडावर, माझ्या बाजूला ठेवून परत खाटेवर बसला. तोंड गाडी येते त्या दिशेला. मी रस्ता ओलांडला, दगडावर बसून चहा प्यालो, झाकण विसळून तिथेच उपडं ठेवलं. चहा सकाळचा होता, पण अजून गरम होता.